डेअरीला दूध अन् घरात कोरा चहा

वारणाकाठच्या कुठल्याही गावात पहाटे पाच-साडेपाचला गेलं तर एकच लगबग दिसते. गोठ्यात दिवा लागलेला असतो. म्हशीपुढं पेंड ठेवायची, रेडकू सोडायचं, म्हैस पान्हावली की ते ओढून बाजूला बांधायचं आणि चरवी गुडघ्यात धरून धार काढायची. उजाडायच्या आत किटल्या आणि कॅन घेऊन बायामाणसं, पोरंठोरं गावच्या दूध संस्थेच्या दारात रांगेला लागतात. माप होतं, फॅट लागते, पासबुकात आकडा पडतो. कोडोली, पारगाव, केखले, जाखले, सातवे, बहिरेवाडी, कुठंही जा, चित्र हेच. यातलं बरंचसं दूध वारणानगरला जातं आणि ‘वारणा’च्या पिशवीतून पार मुंबईच्या चहात पडतं.

आणि ज्या घरातून ते दूध निघालं, त्या घरात सकाळी चुलीवर काय असतं? पुष्कळ घरांत कोरा चहा!

पाहुणा आला तर त्याच्या कपात दूध पडतं. शाळेला जाणाऱ्या पोरालाही मिळतं. घरातली बाई मात्र गुळाचा नाहीतर साखरेचा कोरा चहा बशीत ओतते आणि ‘मला कोराच आवडतो’ म्हणून मोकळी होते. तिला तो खरोखर आवडतो का, हे विचारायची पद्धत आपल्याकडं नाही. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. घरातल्या माणसांसाठी घरातलीच माणसं रोज जी बारीकसारीक पदरमोड करतात, तिचा हिशेब.

अर्ध्या लिटरचं गणित

सवय म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहान नाही. कागद घ्या आणि मांडून बघा. समजा, एका घरात दुधाची एक म्हैस आहे. दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर दूध देते. खाणारी माणसं सहा. चहाला आणि पोरांना म्हणून दीड लिटर ठेवलं तर साडेचार लिटर डेअरीला जातं. पण घरातल्या सुनेनं आणि सासूनं ठरवलं की, आपला चहा कोरा, दूध एक लिटरच ठेवायचं. रोज अर्धा लिटर जास्त गेलं. लिटरला ५० रुपये धरले तर दहा दिवसांच्या बिलात २५० रुपये, महिन्याला ७५० रुपये वाढले. म्हैस दहा महिने दुधात राहिली तर साडेसात हजार झाले. शिवाय दिवाळीच्या तोंडावर मिळणारा दर फरक त्या अर्ध्या लिटरवरही मिळतो.

साडेसात हजारांत पोराच्या वह्या-पुस्तकांचा आणि एसटीच्या पासाचा खर्च निघतो, पोरीच्या परीक्षेची फी भागते. म्हणजे त्या घरातलं शिक्षण दोन बायकांच्या कोऱ्या चहावर चाललेलं असतं. पण पासबुक उघडून बघा. तिथं लिटर दिसतात, फॅट दिसते, दर दिसतो आणि वर खातेदाराचं नाव दिसतं. ते बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या पुरुषाचं. ज्यांनी तो अर्धा लिटर वाचवला त्यांचं नाव त्या पासबुकात कुठंच नसतं.

वारणानगर कशावर उभं राहिलं

गेल्या शतकात पन्नासच्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी या माळावर शेतकऱ्यांना गोळा करून सहकारी साखर कारखाना काढला. १९६८ साली दूध संघ आला. पुढं शाळा-महाविद्यालयं आली, वारणा बझार आला, लहान पोरांचा बालवाद्यवृंद देशोदेशी वाजत गेला. तात्यासाहेब १९९४ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या दूरदृष्टीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते रास्तच आहे.

पण सहकारी संस्थेचं भांडवल म्हणजे शेवटी सभासदानं भरलेला शेअर. ज्या काळात हातात रोकड फिरत नव्हती, त्या काळात शेअरची रक्कम भरताना कुठल्या घरी काय मोडलं, कुणाचं लुगडं पुढच्या सणावर गेलं, कुणाच्या पायातल्या वहाणेला आणखी एक ठिगळ लागलं, हे कुठल्याच वार्षिक अहवालात छापलेलं नसतं. चिमणी दिसते, गव्हाण दिसते. घराघरांतली काटकसर दिसत नाही. पण त्या काटकसरीवाचून पहिला शेअर भरला गेला नसता.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्याच्या घरचं कशाला, आमच्याच घरचं सांगतो. रान थोडं, म्हैस एक. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दहावी झाला आणि पुढं गेला नाही. उसाच्या पाण्याची पाळी रात्रीची यायची आणि वडिलांना रात्रीचं दिसत नव्हतं. दारं धरायला माणूस पाहिजे होतं, ते दादा झाला. पुढं मी वारणानगरच्या महाविद्यालयात जाऊ लागलो, तेव्हा त्याची सायकल माझ्याकडं आली आणि तो बाजाराला चालत जाऊ लागला. घरात यावर कधी चर्चा झाली नाही. ‘धाकट्याला लांब जायचं असतंय,’ एवढ्या एका वाक्यावर सगळं ठरलं.

माझं शिक्षण झालं, नोकरी लागली. थोरला राबला म्हणून धाकटा शिकला, असं चार लोकांत सांगताना मलाही बरं वाटायचं. पण दादाला शिकायचं होतं का, हे मी त्याला विचारलं ते पार आमची पोरं कॉलेजला गेल्यावर. बांधावर बसलो होतो. तो हसला आणि म्हणाला, “गणित मला चांगलं येत हुतं की लेका. पर रातची दारं कोण धरणार हुतं?”

त्यानं तक्रार केली नव्हती. पण त्या एका वाक्यानं माझ्या तीस वर्षांच्या कौतुकाची हवा गेली. कारण त्याचं ऋण मी तोंडानं मानत होतो, फेडायला मात्र काही केलं नव्हतं.

खुराक एकाचा, उपास घराचा

दरवर्षी १३ डिसेंबरला तात्यासाहेबांच्या स्मरणार्थ वारणानगरला कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. नावाजलेले मल्ल येतात, हलगी कडाडते, माणूस माणसाला खेटून बसतं. आखाड्यात उतरणारा पैलवान एकटा दिसतो खरा, पण त्याच्या मागं एक अख्खं घर असतं. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण हा खुराक शेतकऱ्याच्या घराला सहज परवडणारा नव्हे. एक भाऊ तालमीत असला की दुसऱ्या भावाच्या ताटातलं तूप जातं. बहिणीच्या वाट्याचं दूध जातं. बाप कर्ज काढतो.

या बाबतीत खाशाबा जाधवांची गोष्ट प्रत्येक घरात सांगण्यासारखी आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, तरी पुरेना. तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनं मिळवलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाडहून गोळेश्वरला त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकाइतकीच ही गोष्ट मोठी आहे. खर्डेकर घरचे नव्हेत, गुरू होते. पण घरच्या माणसानं केलेल्या पदरमोडीलाही हाच न्याय लागू पडतो. ज्याच्यासाठी कुणी काही सोडलं, त्यानं ते ध्यानात ठेवायचं आणि आपला दिवस आला की पहिल्यांदा ते सोडवायचं. आपल्याकडं मिरवणूक निघते, घर सोडवायचं मात्र राहून जातं.

रस्सा तिच्या वाट्याला

दुसरी अडचण अशी की, सोडायची पाळी फिरत नाही. ती त्याच त्या माणसावर येते. रविवारी मटण शिजतं. फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात. शेवटी बसणाऱ्या बाईला रस्सा उरतो. भाजी संपली तर ती चटणी-भाकरीवर भागवते. ‘माझं काय, मी मागनं जेवीन’ हे वाक्य ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणते आणि मरेपर्यंत म्हणते.

याचा परिणाम अंगावर दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दर दोघींत एकीहून जास्त. रक्त कमी असलं की दम लागतो, चक्कर येते, बाळंतपण अवघड जातं. घरासाठी म्हणून तिनं सोडलेला घास शेवटी दवाखान्याच्या बिलातून घरावरच उलटतो.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसत्या दुधानं रक्त वाढत नाही. पालेभाजी, मोडाची कडधान्यं, अंडी, मटण यांतून लोह मिळतं. वर लिंबू पिळलं तर ते अंगी लागतं. जेवणासोबत किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र ते कमी लागतं. भुकेवर उतारा म्हणून कोरा चहा पिणाऱ्या बाईचं दुहेरी नुकसान होतं. तेव्हा दुधाचा पेला द्याच, पण तिचं ताटही आपल्याबरोबरच वाढा. एकत्र बसलं की भांड्यात किती उरलंय हे सगळ्यांना दिसतं आणि आपोआप हात आखडता घेतला जातो. त्यासाठी कुठली योजना लागत नाही.

नाव लागलं पाहिजे

त्यागाचा मान राखायचा तर नुसतं ‘माउली’ म्हणून भागत नाही. हातात पैसा आणि कागदावर नाव, या दोन गोष्टी लागतात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. वारणानगरलाही त्यांचं काम आहे. जी बाई पापड लाटते तिच्या हातात तिची मजुरी पडते. ते पैसे ती घरातच घालते. पण घालते ती. देणारीचं नाव तिथं कुणी विसरू शकत नाही.

जमिनीच्या बाबतीत हेच शरद जोशींनी सांगितलं. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. शेतकऱ्यानं राजीखुशीनं आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात अशी किमान शंभर घरं होतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. घरच्या लक्ष्मीचं देणं फेडा, असा त्याचा अर्थ. पुढं शासनानं १९९२ साली परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सात-बाराला लावता येतं. पुष्कळ शेतकऱ्यांना हे आजही माहीत नसतं. तलाठी भाऊसाहेबांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, एखाद्या ग्रामसभेत हे वाचून दाखवलं तर गावावर उपकार होतील. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावरही दोघांची नावं लावता येतात.

दूध संस्थेच्या सेक्रेटरींनीही एक काम करावं. गोठा जी सांभाळते, धार जी काढते, तिच्या नावानं खातं काढावं, तिलाच सभासद करून घ्यावं. बिल तिच्या खात्यावर जाऊ द्या. पोराची फी त्यातूनच भरली जाईल, पण कुणाच्या पैशातून भरली हे त्या पोराला कळेल.

बहिणीची सही

या सगळ्यात एक त्याग लहान म्हणून सांगितला जातो आणि तो मुळीच लहान नसतो. बाप वारला की वारस नोंदीची वेळ येते. बहिणींना निरोप जातो. ‘सहीपुरतं येऊन जा.’ बहीण एसटीनं येते, भावाचं तोंड बघते, माहेरचा उंबरा शाबूत राहावा म्हणून कागदावर सही करते आणि साडीचोळी घेऊन माघारी जाते.

कायदा काय सांगतो ते स्पष्ट असावं. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. २००५ साली देशभरासाठी कायदा बदलला आणि तो अडसर गेला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यायची असते आणि तीत लेकींची नावं आलीच पाहिजेत. ती गाळून दिलेली वर्दी खोटी. हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. साध्या कागदावरच्या अंगठ्यानं हक्क सुटत नाही. आणि एकदा नोंदवलेला दस्त सहजी माघारी घेता येत नाही.

बहिणीनं हक्क सोडूच नये, असं इथं म्हणायचं नाही. एकराचे तुकडे होऊन भावाचं पोट चालणार नाही, हे तिलाही कळतं. तिनं समजून-उमजून सोडला तर तो खरा त्याग. पण राखीचा धागा पुढं करून, ‘नाहीतर माहेर तुटलं’ असा धाक घालून घेतलेली सही हा त्याग नव्हे, ती वसुली झाली. आणि जिनं खुशीनं सोडला, तिच्या अडीनडीला, तिच्या पोरांच्या शिक्षणाला, तिच्या आजारपणाला भावानं न बोलावता उभं राहायला पाहिजे. खाशाबांनी घर सोडवलं, तसं.

पेला रिकामा होईपर्यंत

आमच्या आईचं रक्त गावातल्या एका तपासणी शिबिरात कमी निघालं. त्या दिवसापासून तिच्या नावानं सकाळी एक पेला दूध आणि दुपारी ताटात पालेभाजी ठरली. चार दिवसांनी ध्यानात आलं, पेला नातवाच्या पोटात जात होता. रागावलो, समजावलं, काही उपयोग झाला नाही. चाळीस वर्षांची सवय ती. शेवटी वहिनीनं उपाय काढला. पेला हातात दिला आणि समोर पाट टाकून बसली. “आत्ती, ह्यो रिकामा झाल्याबिगार मी उठत न्हाई, आन् माझी भाकरी तव्यावर करपली तर तुमच्यामुळं.” आईनं मुकाट दूध पिलं.

दूध संस्थेच्या पासबुकावर आता आईचं नाव आहे. ‘ह्या वयात माझं नाव कशाला?’ म्हणाली, पण पहिलं बिल जमा झालं तेव्हा पासबुक दोनदा उघडून बघितलं. दादाच्या पोरीला इंजिनिअरिंगला जायचं आहे. तिची फी मी भरतो. दादानं नको म्हटलं, तेव्हा त्याला सायकलीची आठवण करून दिली.

घरासाठी सोडणं आपल्या मातीत आहे, ते तसंच राहो. फक्त ते एकाच माणसावर पडू देऊ नका, ध्यानात ठेवा आणि आपल्या हातात चार पैसे आले की आधी त्याचं देणं फेडा. पुढच्या दहा दिवसांचं बिल हातात पडेल, तेव्हा पैसे मोजून झाल्यावर घरात एवढं एकच विचारा : या दहा दिवसांत कुणाकुणाचा चहा कोरा होता?